पाच पेल्यांचं गाणं

येत्या रविवारी आपण नांदेड हलवून सोडणार, हे वर्षाराणीनं मंगळवारीच मेसमधल्या सगळ्या पोरींना सांगून टाकलं. नांदेडच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला तिला गायला बोलावलं होतं. पंधरा मिनिटं, तीन गाणी आणि आयुष्यातलं पहिलं स्टेज! आता ती लातुरात आली होती डॉक्टर व्हायला, हे खरं. नीटची परीक्षा एकदा देऊन झाली होती, दुसऱ्यांदा तयारी चालू होती. पण फिजिक्सचा तास सुरू झाला की तिची बोटं बाकावर ताल धरत, त्याला ती तरी काय करणार?

बरं, गायची काय, तर ड्रम अँड बेस. हे काय असतं ते तिनं देवणीला घरी समजावून बघितलं होतं. ड्रम मळणीयंत्रासारखे धडधडत पळतात, खालून बेस म्हशीसारखा सावकाश चालतो आणि मधून आपण गायचं. तिचे वडील ईश्वरप्पा, देवणीच्या बाजारात बैलांच्या घंटा आणि कासरे विकणारे. ते म्हणाले, मग म्हशीलाच गाऊ दे, तू अभ्यास कर.

वर्षाराणी राहायची जगदेवीअक्कांच्या मेसवर. खाली कोचिंग क्लास, वर मेस आणि पोरींच्या खोल्या. अक्का मूळच्या किल्लारीच्या. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या त्या पहाटेबद्दल त्या कुणाशी बोलत नसत. मात्र रोज कपाटावर एका ताटात स्टीलचे पाच पेले एकावर एक रचून ठेवत. जमीन हलली तर पेले पडतील, आवाज होईल आणि पोरी बाहेर पळतील, एवढा साधा हिशोब. तीस वर्षांत पेले एकदाच पडले होते, तेही मांजरानं पाडले. त्या मांजराला मेसची कायमची बंदी झाली.

गुरुवारी दुपारी वर्षाराणीच्या आतेभावानं, उदगीरच्या संगमेशनं, प्रॅक्टिससाठी बेसचा बॉक्स टेम्पोत घालून पाठवला. त्याचा लग्नाच्या वरातीत वाजवायचा धंदा, त्यामुळं बॉक्सही तसलाच, कपाटाएवढा. चार पोरींनी तो जिन्यावरून ढकलत वर चढवला. खाली दोनशे पोरं टेस्ट देऊन राहिली होती. वर्षाराणीनं मनात म्हटलं, हळूच लावू. लावला. त्या बॉक्सला हळू हा प्रकार माहीतच नव्हता! पहिल्याच दणक्याला खिडकीच्या काचा थरथरल्या आणि कपाटावरून पाचही पेले ठणाठण खाली आले.

"पोरींनो, भायेर पळा!" अक्का ओरडल्या.

पुढं काय सांगावं! वरून चौदा पोरी पळाल्या, त्यांना बघून खालची दोनशे पोरं पळाली. त्यातली निम्मी तर सकाळपासून असल्याच काहीतरी चमत्काराची वाट बघून राहिली होती. क्लासचे सर कोरे पेपर छातीशी धरून बाहेर आले. दहा मिनिटांत गल्ली भरली, पंधरा मिनिटांत बातमी मोबाईलवर गेली आणि देवणीला पोचेपर्यंत मेसची बिल्डिंग पडलीसुद्धा. ईश्वरप्पा दुकान उघडं टाकून मिळेल त्या जीपनं निघाले.

वर्षाराणीला गप्प बसता आलं असतं. धरणीमाता आळ अंगावर घ्यायला तयारच होती! पण गल्लीतला जो तो भूकंपाचं कौतुक करत होता. काय धक्का होता, लई जबरी होता, असा कधी बसलाच न्हाई. आयुष्यातली पहिली दाद, आणि ती भलत्याच्याच पदरात! तिचा जीव जळून गेला. त्यात समोर अक्का अनवाणी रस्त्याच्या कडेला बसलेल्या. त्यांनी चौदा पोरी तीनदा मोजल्या होत्या आणि आता मी त्या घरात पाऊल ठेवणार न्हाई, चूल इथंच मांडते, असं म्हणत होत्या. ते बघून वर्षाराणीला स्वतःची फार लाज वाटली.

दोनेक तासांनी जीपमधून तिचे अप्पा उतरले. पोरगी धडधाकट बघून तिला पोटाशी धरून भर गल्लीत रडले. आणि मग मात्र तिला राहवेना.

"भूकंप न्हाई झाला, अक्का," ती म्हणाली. "ते मी केलं. माझा बेस होता तो."

कुणाला पटेना. सर तर हसलेच. मी वीस वर्षं फिजिक्स शिकवून राहिलो, म्हणाले, पोरीच्या गाण्यानं बिल्डिंग हलत नसते. अप्पांचे डोळे तेवढ्यात वाळले आणि लाल झाले. पेटी भर, देवणीला चल, म्हणाले.

"अप्पा, वर चला," वर्षाराणी म्हणाली. "अक्कांचे पाचही पेले तुमच्यासमोर पाडते. पडले तर रविवारी नांदेडला जाणार. न्हाई पडले तर माझा माईक दुकानात घंटांच्या शेजारी टांगा, मी पुन्हा गाण्याचं नाव काढणार न्हाई."

अप्पा पक्के बाजारातले. हाव, ठरलं, म्हणाले.

वरात वर गेली. नको नको म्हणत अक्काही आल्या आणि पेले त्यांनी स्वतःच्या हातानं रचले. अप्पांनी खुर्ची ओढून ऐन समोर मांडली. सर भिंतीला टेकून उभे राहिले. वर्षाराणीनं मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर ड्रम सोडले, ते पळत सुटले. पण बेस काही येईना. तिनं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं, तरी काही नाही. पेले ढिम्म! अप्पांची मिशी हसायला लागली, सरांनी घड्याळ बघितलं. तिला नांदेडचं स्टेज लांब लांब जाताना दिसलं.

मग तिनं डोळे मिटले. बेस नाही तर नाही. दोन वर्षांचं फिजिक्स, सरांचं हसू, अप्पांची म्हैस, सगळं एकदम बेंबीपासून बाहेर काढलं आणि गायली. गायली म्हणजे भांडलीच म्हणा. आणि पायाखालची फरशी सरकल्यासारखी झाली, काचा वाजल्या, कपाटावरचे पेले डुलले आणि पाचच्या पाच खाली आले.

"पाडले!" अप्पा खुर्चीवरून उठलेच. "माझ्या पोरीनं पाडले!"

टाळ्या पडल्या. सरसुद्धा कंपनसंख्येबद्दल काहीतरी म्हणत टाळ्या वाजवायला लागले. रविवारी मी स्वतः नांदेडला घेऊन जाणार, अप्पांनी जाहीर केलं. वर्षाराणीनं डोळे उघडले. बॉक्सचा लाल दिवा बंद होता. अप्पांनी खुर्ची ओढली तेव्हा वायर पायात अडकली होती आणि प्लग भिंतीपासून हातभर लांब, फरशीवर पडला होता.

तासाभरापूर्वी भर गल्लीत खरं बोललेली ही पोरगी. तिनं दोन्ही हात जोडले आणि वाकून नमस्कार केला. मग जराशा बारीक आवाजात म्हणाली की पुढचं गाणं सगळ्यांनी खाली मोकळ्यात ऐकावं, आणि आत्ताच्या आत्ता.

सगळे कौतुक करत जिना उतरले. शेवटी अक्का, पोरी मोजत. या वेळी त्यांनी एकदाच मोजल्या. खरा धक्का ओळखायला त्यांना पेले लागत नव्हते. खाली आल्यावर त्यांनी पदराआडून बॉक्सची गुंडाळलेली वायर काढली आणि वर्षाराणीच्या हातात दिली.

"नांदेडला लई झकास गाशील बघ," त्या हळूच म्हणाल्या. "फक्त हे आधी लाव. दर बारीला धरणीमाय साथीला यायची न्हाई."