शांत गटाचे सहा उंदीर

“सुखदा, नवऱ्याचं काम उंबऱ्याबाहेर ठेव हं!” विक्रांतच्या सरांच्या पत्नी वीणाताईंनी लग्नातच बजावलं होतं. सुखदाने ते हसण्यावारी नेलं. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात विक्रांत सहा पांढरे उंदीर घेऊन नोएडाच्या नव्या घरात शिरला.

“नर आहेत, शांत गटातले. दुसऱ्या गटाला बंद खोलीत रोज चार तास भोंगा. मग कुणाचं पुरुषी हार्मोन किती घटलं ते मोजायचं. प्रयोगशाळेशेजारी तोडफोड निघालीय, म्हणून हे इथे. तीनच आठवडे, यार! माझा तीन वर्षांचा प्रबंध आहे.”

सुखदाने कंबर कसली. कुकर बंद, दाराची घंटा काढलेली, आठ महिन्यांच्या अवनीच्या पायातले वाळेसुद्धा कपाटात. “हळू रड गं बाळा!”

आणि वीज गेली. शेजारच्या खुरानांचा नवाकोरा जनरेटर धडधडू लागला. मग रोजच. सुखदा लेकीला काखोटीला मारून कुंपणाशी धावली.

“भाईसाहब, बंद कीजिए! हमारे चूहों के हार्मोन गिर जाएँगे!”

“चूहों के?” खुराना पोट धरून हसले. “भाभीजी, चूहे कम हों तो पुण्य लगेगा!”

पुण्य! इथे एका माणसाचा प्रबंध बुडतोय आणि यांना कूलरची पडलीय! सुखदाने त्या घराशी बोलणंच टाकलं.

तपासणी झाली. शांत गटाचं हार्मोन भुईसपाट, भोंगावाले ठणठणीत! विक्रांत डोकं धरून बसला. “भोंग्याने तब्येत सुधारते असं लिहू का आता?”

“भोंगा वाजत होता, हे कुणी ऐकलं?” सुखदा कडाडली.

विक्रांतने प्रयोगशाळेतल्या दामूला फोन लावला.

“पहिल्याच दिवशी तोडफोडवाल्यांनी आपली वायर तोडली, साहेब. भांडण झालं, त्यांचंही काम बंद. बिल्कुल चिडीचूप! ती वायर भोंग्याची, हे आज कळलं; दाणापाणी भोंग्याची वेळ टाळूनच द्यायचो.”

विक्रांत उडालाच. “म्हणजे प्रयोग बरोबर आला! फक्त गट उलटे!” त्याने जे घडलं ते प्रामाणिकपणे लिहून काढलं: गोंगाट गट, मुक्काम स्वगृह.

“माझ्या घराला गोंगाट म्हणतोस?” सुखदाचा संताप मावेना. पण हार्मोनचे आकडे वाचता वाचता तिची नजर शेजारच्या खिडकीकडे गेली. जनरेटर ज्या खिडकीखाली होता, त्या खोलीत खुरानांचा मुलगा राहत होता. त्याच्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते.

सुखदाचं तर त्या घराशी बोलणं बंद. तेव्हा वाचकहो, त्या बाजूला गेलात तर त्या पोराची जरा चौकशी करा. आणि हो, जनरेटर बंद असताना.