आप्पांचा रविवार

मयताच्या घरी माणसं हात जोडून गप्प बसतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे आप्पा अहिरे मात्र घरच्यांच्या कानाशी लागून गेलेल्या माणसाबद्दल विचारतात, "मटन खायचे का हो?"

सिडकोतल्या आमच्या गल्लीला याची सवय झाली आहे. पण परक्यांचं काय? एका निवृत्त मास्तरांच्या दहाव्याला नदीच्या घाटावर कावळा काही केल्या शिवेना. सगळे माना वर करून उभे. आप्पांनी थोरल्या मुलाला बाजूला घेतलं. "खायचे असतील तर रस्सा ठिवा जरा." मुलगा अंगावरच धावून आला. आप्पा शांत. "रागावू नका भाऊ, मला निस्ती म्हायती पायजे व्हती."

आप्पा मूळचे नामपूरचे, एसटीत ड्रायव्हर होते. पंचाहत्तरी उलटली तरी जिना दणादण चढतात. दर रविवारी मटण, तेही काळ्या मसाल्याचं, वर बोटभर तर्री. गेलेला माणूस मटण खाणारा निघाला की त्यांचा चेहरा खुलतो. "बगा, बरोबर निघालं!" शाकाहारी निघाला की दोन दिवस कोणाशी बोलत नाहीत. स्वतः मटण चापणाऱ्या माणसाला यात आनंद कसला, हे कोडं मला सुटत नव्हतं.

एकदा मी त्यांना समजवायला गेले. "आप्पा, लाल मांस फार खाणाऱ्यांना हृदयरोगाचा धोका जास्त, असं डॉक्टर सांगतात. पण ते हजारो माणसांचं मिळून. एकट्या माणसाचं त्यावरून सांगता येत नाही."

"मंग काय उपेग त्याचा? मानूस तर एकेकटाच मरतो ना!" म्हणाले आणि तरातरा वर निघून गेले.

गेल्या महिन्यात त्यांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात मीच सोबत होते. डॉक्टरांनी मटण बंद करायला सांगितलं, आप्पांनी नंदीबैलासारखी मान हलवली, आणि रविवारी वरून मसाल्याचा वास! मी तणतणत वर गेले. आप्पा गॅलरीत पाटावर बसलेले, पुढ्यात गॅसची छोटी शेगडी, तीवर पातेलं. स्वयंपाकघराचं दार लावलेलं.

"डॉक्टरांचं नाही ऐकलंत, निदान आत तरी शिजवा. आता कोण बोलणार आहे तुम्हाला?"

"नाय ताई. आमची ही माळकरी व्हती. जल्मात मटनाला शिवली नाय. तिच्या वट्यावर नाय शिजवत मी." ते पातेलं ढवळत राहिले. "म्हनायची, हे मटन तुमाला माझ्याआदी नेनार. म्हनून तिनं समदं शिकून घेतलं. बँक, लाइट बिल, गॅसचा नंबर लावायचा. मागं राहायची तयारी तिची व्हती, ताई. आन् गेली तीच. मला तर साधी भाकरबी येत नाय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. "आप्पा, ऐका माझं. सोडा हे."

"सोडतो. पन मंग रविवारी करू काय, ते सांगा."

"आमच्याकडे या जेवायला. दर रविवारी."

त्यांनी गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं. "येईन की," म्हणाले. "पन जेवून परत हितंच यायचं ना."