चाक फिरून राहिलंय का?

मोटार वाहन कायदा तंतोतंत पाळणारा निदान एक नागरिक या देशात आहे आणि तो नांदेडात माझ्या शेजारी राहतो, हे सांगताना मला अभिमान वाटतो. अण्णांकडे गाडी नाही. पण त्याने कायद्याला बाधा येत नाही.

अण्णा कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गल्लीच्या कोपऱ्यावर कामकाज सुरू केलं. मोबाइल खांद्याशी दाबून कुणी मोटारसायकलवर आला की अण्णा हात वर करतात. "मान जन्मापासूनच वाकडी हाय का? आधी गाडी बाजूला, मग कैफियत!" दंड किती होतो, लायसन कसं जातं आणि समोरून ट्रक आला तर काय काय जातं, हे ऐकल्याशिवाय सुटका नाही. पोरं आता मागच्या बोळातून जातात. गुन्हे कमी झाले, असं अण्णा म्हणतात.

त्यांना फोन करणंही सोपं नाही. 'हॅलो'च्या जागी ते विचारतात, "चाक फिरून राहिलंय का?" 'हाव' म्हटलं की फोन बंद. भोकरचा भाचा एकदा म्हणाला, "मामा, मी एसटीत बसलोय."

"मग कंडक्टरला दे."

कंडक्टरची साक्ष झाली, तेव्हा कुठे भाच्याला मुलगी झाल्याचं सांगता आलं.

मुलगा संजय लातूरला राहतो, नोकरी निलंग्याला. बापाशी बोलायला त्याला सवड मिळायची ती येता-जाता कारमध्येच.

"अण्णा, फोन हातात न्हाई. गाडीच्या स्पीकरवर बोलून राहिलो."

"हात मोकळा झाला रे, डोकं कुठं हाय?" फोन बंद.

असं काही वेळा झालं आणि संजयचा फोन यायचा थांबला. घरी पोचल्यावर करतो म्हणायचा, पण घरी पोचल्यावर घर असतं. काकू गेल्यापासून अण्णांकडे दुसरा आवाज टीव्हीचाच. "तुम्हीच त्याला फोन लावा की," मी म्हणालो.

"आन् त्यो गाडीवर असला तर? माझ्याच फोननं…"

परवा संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. फोन वाजला.

"चाक फिरून…"

"न्हाई अण्णा. गाडी बाजूला घेतली. रसवंतीवर बसलोय. बोला."

अण्णांचा युक्तिवाद तयार होता, पण प्रतिपक्षच शरण आलेला. ते म्हणाले, "रसात बर्फ नको घेऊ. आन् पोचलास की मिस कॉल दे."

मग त्यांनी फोन मांडीवरून हलवला नाही. माझ्याकडचा चहाही नको म्हणाले. रस्त्यावरचे दिवे लागले, तेव्हा फोन वाजला. पहिल्याच घंटीला अण्णांनी उचलला.

"चाक फिरून राहिलंय का?"

"अण्णा! मिस कॉल होता त्यो. उचलायचा नसतोय!"

मी नंतर मुद्दाम पाहिलं. मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद नाही.