दुसरी किल्ली

किल्ली स्टिअरिंगजवळच्या कुलपात गेली, पण फिरेना. रुम्यानाने ती जोर लावून फिरवली, मग हळूच फिरवली, मग बाहेर काढून फ्रॉकला पुसून पुन्हा घातली. गाडी होती तशीच गप्प राहिली.

मागच्या सीटवर तिची आई गिन्का मांडीवर परात घेऊन बसली होती. परातीत थडग्यापाशी वाटायचे उकडलेले गहू, गव्हांवर पिठीसाखरेचा जाड थर आणि थरावर मनुकांचा क्रूस. रुम्यानाच्या वडिलांना, ल्यूबेनना, जाऊन आज चाळीस दिवस झाले होते. अकरा वाजता टेकडीवरच्या दफनभूमीत फादर मेतोदी येणार होते. बारा वाजता त्यांच्याकडे बाप्तिस्मा होता, म्हणजे ते कुणासाठी थांबणार नव्हते. आत्ता दहा वाजले होते.

"टॅक्सी बोलावते," रुम्याना म्हणाली.

"चाळीस दिवस ते इथंच घराभोवती घुटमळतायत. आज प्रार्थना झाली की कायमचे निघणार. त्यांना निरोप द्यायला भाड्याच्या गाडीनं जायचं?" गिन्का म्हणाली. "ते काही नाही. त्यांच्याच गाडीनं जायचं."

इमारतीच्या दारावर काल लावलेला चाळिसाव्याची खबर देणारा कागद होता आणि त्यावर ल्यूबेनचा फोटो. फोटोत ते काहीतरी सांगायच्या बेतात दिसत होते. हयातीत मात्र या कुलपाबद्दल त्यांनी कुणाला अक्षर सांगितलं नव्हतं. ते बसले की गाडी सुरू व्हायची, दुसरं कुणी बसलं की नाही. याला ते गाडीचं इमान म्हणत.

एवढ्यात तळमजल्यावरचे गांचो काका काळा सूट घालून बाहेर आले. त्यांनाही दफनभूमीतच यायचं होतं. त्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं आणि किल्ली एकदा फिरवून पाहिली.

"सुकलंय," ते म्हणाले. "तेल पाहिजे. पाच मिनिटांचं काम."

ते घरात गेले आणि सूर्यफुलाच्या तेलाची बाटली घेऊन आले. ल्यूबेनच्या लाडक्या कुलपाला हात लावायची संधी त्यांना तीस वर्षांत पहिल्यांदाच मिळत होती, त्यामुळे त्यांनी तेलाची काटकसर केली नाही. तेल कुलपात गेलं, कुलपातून बाहेर आलं आणि रुम्यानाच्या बुटात शिरलं. किल्ली फिरली नाही.

"स्वयंपाकाचं तेल?" मागून आवाज आला. दुसऱ्या मजल्यावरचे पेन्को मास्तर आले होते. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. "गांचो, कुलूप तळतोयस का? अरे, कुलपाला कोरडं वंगण लागतं. ग्रॅफाइट. म्हणजे पेन्सिलीचं शिसं."

"मग आधी यायचं होतंत, मास्तर."

"आधी मला कुणी बोलावलं नाही."

मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली, चाकूने शिसं किसलं आणि कागदाच्या पन्हाळीतून ती काळी पूड कुलपात सोडली. पूड तेलात पडली. थोड्या वेळाने कुलपाच्या तोंडाशी बुटाच्या पॉलिशसारखं काहीतरी जमा झालं.

"हा लगदा झाला," रुम्याना म्हणाली.

"लगदा झाला तो तेलामुळे," मास्तर म्हणाले.

"लगदा झाला तो शिशामुळे," गांचो काका म्हणाले.

लगदा कुणामुळेही झालेला असो, तो धुवून काढायला हवा यावर दोघांचं एकमत झालं. धुवायला स्पिरिट हवं होतं. ते नव्हतं. पण गिन्काच्या पायाशी पिशवीत राकियाची बाटली होती. दफनभूमीत प्रत्येकाला एकेक घोट द्यायला ल्यूबेनच्याच प्लमची, त्यांनी स्वतः दोनदा गाळलेली दारू. गिन्काने ती पुढे केली. अर्धी बाटली कुलपात गेली. दोन घोट, औषधाची परीक्षा म्हणून, गांचो काकांनी घेतले. गाडीला लग्नघरासारखा वास येऊ लागला.

"आता वाळवायचं," मास्तर म्हणाले.

गांचो काकांनी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडली आणि बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला. रुम्यानाने दोन्हीकडची दारं उघडली, कारण दारूच्या वाफेवर गरम हवा सोडायची कल्पना तिला पटत नव्हती. मास्तरांनाही पटत नव्हती, त्यामुळे ते चार पावलं मागे जाऊन सूचना देत उभे राहिले.

"गार हवेवर ठेव, गांचो."

"गारवरच आहे."

"मग जोर वाढव."

गांचो काकांनी जोर वाढवला. कुलूप वाळलं की नाही ते कळलं नाही. पण हवा कुलपावर आपटून मागे वळली आणि सरळ परातीवर गेली. परातीवरची सगळी पिठीसाखर एकदम उठली. सगळं शांत झालं तेव्हा गांचो काकांचा काळा सूट पांढरा होता, रुम्यानाच्या भुवया पांढऱ्या होत्या, चार पावलांवरचे मास्तरही पांढरे होते आणि क्रूसाच्या मनुका गिन्काच्या शालीच्या घडीत जमल्या होत्या. तिने त्या एकेक वेचून गव्हांवर परत मांडल्या.

साडेदहा झाले होते.

"या गाडीला दुसरी किल्ली होती," रुम्याना म्हणाली. "नवीकोरी. बाबा ती कधी वापरत नव्हते, बटणांच्या डब्यात ठेवायचे. ही झिजलीय म्हणून फिरत नाही. ती फिरेल." ती उतरून धावली.

"रूमे, डबा शोधू नकोस," गिन्का म्हणाली.

रुम्याना थांबली.

"ती त्यांच्याजवळ आहे. चष्मा, सिगारेटचं पाकीट आणि गाडीची किल्ली. मीच कोटाच्या खिशात ठेवली. शवपेटीत सगळे काहीतरी देतात, मी एवढंच दिलं."



"पण वहिनी," गांचो काका अंगावरची साखर झटकत म्हणाले, "द्यायचीच होती तर जुनी द्यायची."

"झिजलेली देऊ? चारचौघांत जायचं होतं त्यांना."

रुम्याना पुन्हा येऊन बसली. तिने ती जुनी किल्ली हातात घेतली. एका बाजूला अंगठ्याएवढा खळगा पडला होता. तिने त्यात स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. तो मोकळाच बसला, खळगा मोठा होता.

"म्हणजे गाडी आहे इथे आणि किल्ली आहे तिथे," मास्तर म्हणाले. "आणि ते अकरापर्यंतच इथे आहेत. ल्यूबेन, ऐकतोयस ना? काय करायचं ते सांग."

दारावरच्या फोटोने नेहमीसारखीच टाळाटाळ केली.

"सरक जरा," गिन्का म्हणाली. परात बाजूला ठेवून ती दोन सीटांच्या मधून पुढे वाकली. तिने उभ्या आयुष्यात गाडी चालवली नव्हती. तिने किल्ली कुलपात घातली, मग काहीतरी विसरल्यासारखी नखभर मागे ओढली, डाव्या हाताने स्टिअरिंगला एक हलकी चापट मारली आणि मनगट फिरवलं.

गाडी सुरू झाली.

"आई, तुला येत होतं?"

"तीस वर्षं शेजारी बसून बघतेय."

"मग मघाशी बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं? तुम्ही सगळे शिकलेले."

दहा वाजून पन्नास मिनिटांनी गाडी चौघांना घेऊन टेकडीवर पोचली. रुम्यानाने गाडी बंद करायला किल्ली धरली. ती फिरेना.

"आता हीही युक्ती सांग, आई."

"ती मला माहीत नाही. गाडी थांबली की मी पिशव्या घेऊन आधी उतरायची."

"गियर टाकून क्लच सोड, पडेल बंद," गांचो काका म्हणाले.

"आणि परत सुरू झाली नाही तर? राहू दे चालू," गिन्का म्हणाली, आणि नेहमीप्रमाणे पिशव्या घेऊन उतरली.

मास्तरांनी चाकापुढे दगड लावला. ल्यूबेनची जागा दफनभूमीच्या भिंतीलगतच होती, त्यामुळे पलीकडे गाडी घुरघुरताना स्वच्छ ऐकू येत होती. फादर मेतोदींनी समोर उभ्या असलेल्या चौघांकडे पाहिलं. चौघेही गिरणीतून आल्यासारखे पांढरे होते आणि चौघांनाही दारूचा वास येत होता.

"गाडी कुणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"यांचीच," गांचो काकांनी थडग्याकडे बोट दाखवलं.

"बंद करा."

"आमचं ऐकत नाही, फादर."

फादरनी घड्याळ पाहिलं आणि आवाज चढवून प्रार्थना सुरू केली. 'चिरंतन स्मृती असो' हे शेवटी तीनदा म्हणायचं असतं. पहिल्यांदा गाडी घुरघुरत होती, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा सगळे थांबले, तेव्हा भिंतीपलीकडे काही ऐकू आलं नाही.

"पेट्रोल संपलं," गांचो काका कुजबुजले.

"कालच डब्यानं पेट्रोल आणून टाकी भरलीय," रुम्याना म्हणाली.

मास्तर जाऊन बघून आले. "किल्ली फिरलीय," ते म्हणाले. "बंदवर आलीय. गाडीच्या थरथरीनं ग्रॅफाइट आत उतरलं असणार."

"तेल मुरलं," गांचो काका म्हणाले. "मी सांगत होतो, वेळ लागतो म्हणून."

"तेलानं काही होत नसतं, गांचो."

गिन्काने फादरना गव्हांचा पहिला चमचा दिला, मग मास्तरांना, मग गांचो काकांना. रुम्यानाला देताना ती थडग्याकडे पाहत म्हणाली, "भांडतात कशाला हे दोघं? नवी किल्ली त्यांच्याकडे आहे ना."