तात्यांची वायर

आमचे शेजारी तात्या कुणाच्याही घरी गेले की चहाआधी वायरी बघायचे. सिडकोतल्या एका लग्नात नवरदेव बोहल्यावर उभा, आणि हे मंडपाच्या खांबामागं वाकून ओरडतायत, "जोड कच्चाय! आता बंद पडतंय बघा!" आणि खरंच, ऐन मंगलाष्टकांत लाउडस्पीकर बंद पडला. नवरीच्या मामाला आजही संशय आहे की वायर तात्यांनीच ओढली.

तात्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. मी तेव्हा, नव्वदीच्या सुरुवातीला, घरातच कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो. एकदा दोन कॉम्प्युटर वायरीनं जोडून एकावरून दुसऱ्याला हाक मारून दाखवली, आणि तात्या वेडेच झाले की हो!

"मास्तर! हे इचारतंय, 'हाईस का?' आन् ते म्हणतंय, 'हाय!' आरं, लई भारी!"

मग माझ्याकडून पुस्तकं वाचून घेतली. लांबलांबचे कॉम्प्युटर पहिल्यांदा जोडले त्याची हकीकत तर त्यांनी पैठणच्या एसटीत कंडक्टरलाही ऐकवली. "अमेरिकेत दोन गावची यंत्रं जोडली. पहिला शब्द धाडला, तर दोनच अक्षरं पोचली आन् पलीकडचं यंत्र आडवं! पण सोडलं का त्यांनी? नाय!"

कंडक्टर म्हणाला, "तिकीट घ्या."

तात्यांच्या भिंतीला भिंत लागून धाकटा भाऊ बबनराव राहायचा. लासूरच्या शेताची वाटणी झाली तेव्हापासून दोघांत अबोला. बबनरावांनी बियाण्यांच्या दुकानासाठी कॉम्प्युटर घेतला, आणि दोन्ही घरं वायरीनं जोडायची म्हणून तात्यांनी लगेच मला मध्यस्थ धाडलं.

बबनरावांनी मान खाजवली. "वायर येऊ द्या," ते म्हणाले, "माणूस नको."

माझ्या क्लासातला एक जुना कॉम्प्युटर तात्यांकडे बसवला, आणि गच्चीवरून बबनरावांकडे वायर गेली! रोज सकाळी तात्या दात घासत घासत हाक मारायचे. पडद्यावर उत्तर उमटलं की तोंडातल्या फेसासकट नाचायचे, "हाय! बबन हाय!"

"तात्या, ते यंत्र आपोआप उत्तर देतंय. तुम्ही दोन शब्द लिहा की त्यांना."

"लिव्हले आन् त्यानं उत्तर नाय दिलं तर?"



एका सकाळी उत्तर आलंच नाही. तात्यांनी दहादा हाक मारली. चेहरा पांढराफटक. "तोडली त्यानं, मास्तर. यंत्रातनं तरी बोलत होता." मी तडक गच्चीवर गेलो, मागोमाग तात्या.

पाहतो तर काय, बबनरावांकडच्या वहिनींनी धुतलेल्या गोधड्या सरळ वायरीवर वाळत घातलेल्या! वजनानं मधला जोड निखळला होता. बनियनवरच आलेले बबनराव गोधड्या ओढत बायकोवर खेकसत होते, "आगं, दादाला वाटंल ना, म्या तोडली! सकाळधरनं हाका मारत असंल तो!"

तात्या जागीच थबकले. मग खाली वाकून त्यांनी वायरीचं एक टोक उचललं.

"बबन, ते टोक धर. म्या जोडतो."

बबनरावांनी हातातली गोधडी टाकली.

"धरलंय, दादा."