अप्पांच्या टोप्या

अप्पांच्या घरात शिरताना हात कोरडे लागत. पाय धुळीने माखलेले चालत. ओला हात चालत नसे. "मास्तर, पुसा आधी. आत टोप्या हायेत."

टोप्या म्हणजे ठासणीच्या बंदुकीच्या. तुरीच्या दाण्याएवढी तांब्याची टोपी. तिच्यावर घोडा आपटला की ठिणगी पडून बार उडतो. टोपी सादळली की बंदूक नुसती काठी. नाशकात सगळे काडतुसांकडे वळले, दुकानदारांनी टोप्या आणणं सोडलं, आणि अप्पा आपल्या शेवटच्या डबीचे राखणदार झाले. डबीला आतून फ्लॅनेल, झाकणाला मेण. पावसाळ्यात कोरडी खोली डबीला. अप्पा गळक्या खोलीत. "जपली तर माणसापेक्षा टिकते," म्हणत.

मी तिथं का जायचो? खरं सांगतो, घरी माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं.

अप्पा वर्षाला एकच टोपी खर्चत. दसऱ्याला गंगेकाठी, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, नुसत्या दारूचा बार काढत. पलीकडच्या पेरूच्या बागेतून धाकटा भाऊ बापू बारानंच उत्तर देई. वाटणीवरून दोघांचं बोलणं तुटलेलं. पण थोरल्यानं आधी, धाकट्यानं मागून, ही रीत दोघांनी मोडली नव्हती.

त्या दसऱ्याला उत्तर आलं नाही. अप्पा अंधार पडेपर्यंत उभे.

"सादळवल्या असणार! मिठाच्या बरणीशेजारी ठेवतो गाढव!"

कुणाला एक टोपी न देणाऱ्या अप्पांनी सकाळी अर्ध्या टोप्या फडक्यात बांधून माझ्या हाती दिल्या. "त्याला द्या. मी दिल्या म्हणू नका."

बागेत जाऊन फडकं पुढं केलं, तर बापूंनी आपली डबी उघडून दाखवली. तेच फ्लॅनेल, तेच मेण.

"माझ्या खणखणीत हायेत!" ते ओरडूनच बोलत. "दादानंच बंद केलं. काल वाट बघत बसलो. त्यानं काढलाच नाय!"

"काढला!"

"काय?"

कानाशी तोंड नेऊन पुन्हा सांगितलं. बापू बांधावर बसले.

परतताना मनात आलं, सांगूच नये. हे दोघं बोलू लागले तर मला कोण विचारणार? तरी सांगितलं, "अप्पा, बापूंना ऐकू येत नाही."

अप्पांनी बंदूक उचलली.

"जवळ जाऊन वाजवतो."

"दसरा काल झाला, अप्पा."

"त्याला कुठं ऐकू गेलाय?"

मला चला म्हणाले नाहीत. तिन्हीसांजेला पलीकडून एक बार आला, पाठोपाठ दुसरा. मी अलीकडच्या काठावर उभा होतो. त्यानंतर कोण कुणाला काय म्हणालं, ते इथवर ऐकू येण्याजोगं नव्हतं.