सरिताताईंचे पदार्पण

उभा जन्म वाचनालयात गेला माझा. चारचौघांत बोलायला भितो, पण नेमका शब्द निवडावा तर मीच! म्हणून बहात्तराव्या वर्षी माझं पहिलं नाटक गावात व्हायचं ठरलं, तेव्हा चौकातला फलक मीच लिहिला. मुख्य भूमिकेत आमच्या सरपंच सरिताताई. नाटकाचं नि स्वतःचं नाव टाकायला लाज वाटली. एवढंच लिहिलं, ‘सरपंच सरिताताईंचे पदार्पण. रविवारी, समाजमंदिरात.’

संध्याकाळी उपसरपंच हेमराज धावत आला.

“काका, ताई पद कोनाले अर्पण करून राह्यल्या?”

“अरे, पद म्हणजे पाय! पहिलं पाऊल टाकणं!”

“म्हंजे पाय काढून राह्यल्या म्हणा ना!”

आणि गेला पेढे आणायला!

मग ताईंचा फोन. “काका, लोकं निरोप द्याले घरी येऊन राह्यले! सासूबाई रडून राह्यल्या!”

मी फलक पुसायला निघालो, तर बायको विमला म्हणाली, “राहू द्या जी. गर्दी तं होईन!”

मला पटलं. माझं लिहिलेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. विमलासुद्धा नाही. तिला नेहमी भाजी फोडणीला टाकायची असायची.

रविवारी समाजमंदिर कापसाच्या ट्रकसारखं फुगलं! पडदा उघडला. नाटकातली सून झालेल्या ताईंनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला. “बस्स! आजपासून हा कारभार तुमचा तुम्ही सांभाळा!”

टाळ्या! शिट्ट्या! हेमराजनं मंचावर उडी मारून किल्ल्या उचलल्या. त्याच्या माणसांनी त्याला हार घातला. ताईंची माणसं “राजीनामा वापस घ्या!” ओरडत वर चढली. नाटकातला सासरा टेबलाखाली शिरला. मी विंगेतून पुढचं वाक्य सांगत होतो, “सूनबाई, आधी चहा तर घे!” कोण ऐकतो!

शेवटी ताईंनी माईक हिसकावला. “मी कुठंच नाई जात! खुर्ची माहीच आहे!”

पुन्हा टाळ्या! निकाल लागला म्हणून लोक चपला शोधायला लागले. पाच मिनिटांत सभागृह रिकामं. पहिलं वाक्य सोडून दोन्ही अंक माझ्या हातात तसेच.

दाराशी नत्थूजी पानवाला भेटला. “काका, नाटक लय जोरदार झालं! पण एवढं लहान काऊन लिहिलं जी?”



“पहिलंच आहे ना,” म्हटलं.